हेमंतातील मरुभूमी आणि चाकांवरचा संसार

उत्तर अमेरिकेत ऑक्टोबर सरत आला, मिनेसोटातील सरोवरांच्या कडा गोठू लागल्या आणि कॅनडातील गव्हाच्या विस्तीर्ण प्रांतांवरून पहिला हिमवर्षाव होऊन गेला, की त्या खंडाच्या महामार्गांवर दक्षिणेच्या रोखाने एक मोठे स्थलांतर सुरू होते. हजारो मैलांची मजल मारून ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या सीमेवरील वाळवंटात उतरणारे हे प्रवासी बहुधा साठीच्या पुढचे असतात. नोकरीचाकरीच्या जबाबदारीतून ते मोकळे झालेले असतात, मुलेबाळे आपापल्या संसाराला लागलेली असतात, आणि ज्या मोटारीतून ते येतात तिच्या पोटात शेज, चूल, न्हाणी आणि पाण्याची टाकी अशी संसाराची सारी सिद्धता असते. अमेरिकेत अशा वाहनास मोटारहोम आणि हिवाळ्यापुरते दक्षिणेस येणाऱ्या या मंडळींना स्नोबर्ड म्हणतात. दुरून पाहणाऱ्याला हे जीवन सर्वस्वी स्वच्छंद भासते: मन मानेल तेथे मुक्काम करावा, मन उडाले की पुढे निघावे. परंतु त्यांच्या शेजारी काही काळ राहून त्यांची दिनचर्या ज्याने न्याहाळली आहे, त्याला निराळीच गोष्ट प्रतीत होते. या स्वातंत्र्याचा एकेक धागा कोणत्या ना कोणत्या मर्यादेला बांधलेला आहे. पाणी मोजके, वीज मोजकी, जागा मोजकी आणि मुक्कामाची मुदतही मोजकी. आणि त्या साऱ्या मर्यादा दोघांनी एकमताने सांभाळल्या तरच हा प्रवास सुखाचा होतो.

या स्थलांतराचे एक प्रमुख ठाणे म्हणजे ॲरिझोनाच्या पश्चिम टोकास, कोलोरॅडो नदीपासून थोड्या अंतरावर वसलेले क्वार्टझसाईट हे गाव. २०२० च्या शिरगणतीत या गावाची कायम वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या घरात भरली. पण जानेवारीत तेथे रत्ने आणि खनिजे यांचे बाजार व मोटारहोमचे मोठे प्रदर्शन भरते, तेव्हा भोवतालचा माळ क्षितिजापर्यंत पांढऱ्या वाहनांनी भरून जातो. ज्याला वाळवंटाचा खरा सहवास हवा असेल त्याने त्या गर्दीच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, यावे. उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापणाऱ्या या भूमीवर त्या दिवसांत दुपारी वीस-पंचवीस अंशांचे कोवळे ऊन पडते, आणि सूर्य मावळताच मात्र उष्णतामान इतक्या झपाट्याने उतरते की पहाटे पाण्याच्या नळीवर दहिवर गोठलेले दिसावे. याचे कारण हवेच्या कोरडेपणात आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते. दमट प्रदेशात हवेतील बाष्प आणि ढग ती उष्णता काही अंशी अडवून धरतात, परंतु जेथे वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तेथे ती अडविणारे कोणी नसते. एकाच अहोरात्रात सदरा आणि कांबळे या दोहोंची गरज लागावी, असा हा हेमंत आहे.

हा मुलूख प्रवाशांना नवा नाही. एकोणिसाव्या शतकात टपाल आणि उतारू वाहून नेणाऱ्या घोडागाड्या येथील टायसन वेल्स या विहिरीच्या ठाण्यावर थांबत असत. याच गावाच्या स्मशानभूमीत दगडी मनोऱ्यावर उंटाची आकृती बसविलेले एक स्मारक आहे, आणि त्यामागील इतिहास मनोरंजक आहे. १८५५ साली, जेफर्सन डेव्हिस युद्धखात्याचा कारभार पाहत असताना, नैर्ऋत्येकडील निर्जल प्रदेशात लष्करी सामानाची ने-आण करण्यासाठी उंट आणावेत म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने तीस हजार डॉलर मंजूर केले. १८५६ मध्ये टेक्ससच्या किनाऱ्यावर उंटांची पहिली तुकडी उतरली, आणि तिच्यासोबत ओटोमन साम्राज्यातून आलेल्या उंटवाल्यांत हाजी अली नावाचा एक गृहस्थ होता, ज्याला स्थानिक लोक पुढे 'हाय जॉली' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी एडवर्ड बील याने उंट बरोबर घेऊन कोलोरॅडो नदीपर्यंतच्या मार्गाची पाहणी केली. उंट कसाला उतरले, पण यादवी युद्ध पेटले आणि ती योजना दप्तरी दाखल झाली. हाजी अली मात्र याच वाळवंटात राहिला आणि १९०२ साली येथेच निवर्तला. त्याचे हे स्मारक १९३५ मध्ये उभे राहिले. पाण्याचा साठा अंगावर वागवीत मरुभूमी ओलांडण्याची जी युक्ती त्या उंटांच्या रूपाने शासनाने अजमावून पाहिली, तीच आज पेट्रोलवर चालणाऱ्या घरांनी सिद्धीस नेली आहे.

आता ही घरे कोणाच्या जमिनीवर उभी राहतात, हा प्रश्न आपल्याकडील वाचकास सहजच पडेल. अमेरिकेच्या पश्चिम भागातील जमिनीचा फार मोठा हिस्सा आजही मध्यवर्ती शासनाच्या मालकीचा आहे, आणि त्यातील सुमारे साडेचोवीस कोटी एकरांची व्यवस्था ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खाते पाहते. महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक भरणारी ही जमीन म्हणजे, आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, एका राष्ट्राचे गायरान होय. १९४६ साली जमीनविषयक जुने दप्तर आणि चराईचे खाते यांचे एकीकरण होऊन हे खाते निर्माण झाले, आणि १९७६ च्या कायद्याने ही जमीन सामान्यतः लोकांच्या वतीने राखून ठेवण्याचे धोरण मुक्रर झाले. या जमिनीवर बहुतेक ठिकाणी कोणालाही विनामूल्य मुक्काम करता येतो, पण साधारणतः २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवसांहून अधिक नाही. मुदत भरली की बिऱ्हाड हलवावे लागते. संपूर्ण हिवाळा एका जागी काढू इच्छिणाऱ्यांसाठी १९८३ पासून दीर्घ मुक्कामाची खास क्षेत्रे आखून दिलेली आहेत. क्वार्टझसाईटच्या दक्षिणेचा ला पोसा हा माळ त्यांपैकीच एक. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा तेथील हंगाम. त्या सात महिन्यांच्या परवान्यास २०१० नंतरच्या दशकात १८० डॉलर पडत असत, आणि एवढ्या रकमेत पिण्याचे पाणी भरून घेण्याची, सांडपाणी रिकामे करण्याची व कचरा टाकण्याची सोय मिळे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत जनित्र चालवू नये, सांडपाण्याचा थेंबही जमिनीवर सोडू नये, जिवंत झाडास हात लावू नये, असे नियम आहेत. आणि ते पाळले जातात, कारण ते मोडले तर हा मोकळा माळ फार काळ मोकळा राहणार नाही हे प्रत्येक जण ओळखून असतो.

ला पोसाच्या माळावर नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी अशा एका दांपत्याचे आगमन मी पाहिले. गाडी थांबताच बाई खाली उतरल्या आणि सर्वप्रथम त्यांनी जमीन पाहिली. जवळून गेलेला कोरडा ओढा किती खोल आहे, त्याच्या काठावर मागच्या पुराने आणून टाकलेल्या काटक्या किती उंचीवर अडकल्या आहेत, हे निरखून त्यांनी त्याहून उंच जागा निवडली. कारण दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी आभाळ निरभ्र असतानाही अशा ओढ्यातून अचानक लोंढ्यासारखे येऊ शकते. मग गाडीच्या मागे, चालकाला आरशात दिसेल अशा बेताने उभे राहून त्या हाताच्या खुणा करू लागल्या, आणि सत्तरीचे त्यांचे यजमान त्या खुणांबरहुकूम तेवढी अवजड गाडी बोट बोट मागे सरकवीत राहिले. गाडी उभी राहिल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणसळ ठेवण्यात आली. तिच्यातील बुडबुडा उजवीकडे सरकलेला दिसताच, उजवी बाजू उंच असल्याचे ओळखून डाव्या चाकांखाली दोन फळ्या गेल्या. पुन्हा पाहिले, एक फळी काढली. बुडबुडा मध्यावर आला तेव्हा कोठे गॅसची ज्योत पेटवून शीतपेटी सुरू करण्यात आली.

पाणसळीचा हा सोपस्कार निष्कारण नसतो. अनेक मोटारहोममधील शीतपेटी आपल्या घरच्या फ्रिजप्रमाणे विजेच्या पंपावर चालत नाही. १९२२ च्या सुमारास बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुण स्वीडिश अभियंत्यांनी सिद्ध केलेल्या तत्त्वावर ती चालते. लहानशा ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफेच्या रूपाने वर चढतो, नळ्यांत निवून द्रवरूप होतो, उताराने खाली येऊन हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वायुरूप होतो आणि असे होताना पेटीतील उष्णता शोषून घेतो. नंतर पाणी त्याला पुन्हा आपल्यात सामावून घेते. या चक्रात हलणारा भाग एकही नाही. द्रवाला खाली आणण्याचे सारे काम गुरुत्वाकर्षण करते. म्हणूनच गाडी फार कललेली असेल तर द्रव नळ्यांत तुंबतो आणि पेटी निकामी होऊ शकते. ज्योतीपासून थंडी निर्माण करणारे हे यंत्र वाळवंटात दिवसचे दिवस विजेच्या तारेवाचून दूध आणि औषधे टिकवून ठेवते; त्याची अट एवढीच की जमीन समतल असावी.

या बाई पूर्वी शाळेत गणित शिकवीत असत, आणि त्यांच्या ओट्याच्या खणात एक साधी रेघांची वही होती. तीत रोज सकाळी तीन नोंदी होत: टाकीत पाणी किती उरले, बॅटरीत वीज किती उरली आणि सांडपाण्याची टाकी किती भरली. साठ गॅलनांच्या, म्हणजे सुमारे सव्वादोनशे लिटरांच्या टाकीवर दोन माणसांना दहा-बारा दिवस काढावयाचे, तर माणशी दिवसाला जेमतेम दहा-अकरा लिटर मिळतात. आणि त्यातच पिणे, रांधणे, भांडी, स्नान हे सारे उरकावयाचे. म्हणून ऊन पाणी नळाला येईपर्यंत वाहून जाणारे गार पाणी बादलीत धरले जाते आणि शौचकूपात वापरले जाते. भांडी विसळण्यापूर्वी कागदाने पुसून घेतली जातात. अंग भिजविले की नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा क्षणभर सुरू, असे स्नान होते. शहरातील घरात नळ उघडणाऱ्याला पाण्याचे आगमन तेवढे दिसते. मोटारहोममध्ये त्याचे जाणेही दिसते, कारण टाकी भरल्यावर ते दूरच्या केंद्रावर नेऊन रिकामे करावयाचे कष्ट आपल्यालाच पडतात.

विजेची गोष्टही अशीच आहे. छतावरील सोलर पॅनेलवर साऱ्या घराची भिस्त, आणि वाळवंट म्हटले म्हणजे उन्हाला तोटा नाही असे आपण समजतो. परंतु क्वार्टझसाईट हे जवळजवळ ३४ उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर येतो, तर येथे जेमतेम ३३ अंश. आणि दिवस अवघा दहा तासांचा. छतावर सपाट पडलेल्या पॅनेलवर अशा तिरप्या उन्हाचा अर्ध्याहून थोडाच अधिक भाग उपयोगी पडतो. म्हणून जाणते प्रवासी पॅनेलची एक कड उचलून ती दक्षिणेकडे कलती करतात, आणि गाडी उभी करतानाच तिचे तोंड कोणत्या दिशेस असावे याचा विचार करतात. दुसरीकडे, रात्री याच दिवसांत सर्वांत मोठ्या. दिवे लवकर लागतात, आणि शेगडीची ऊब घरभर फिरविणारा पंखा पहाटेपर्यंत बॅटरी ओढत राहतो. जेव्हा आवक सर्वांत कमी तेव्हाच खर्च सर्वांत अधिक, असा हा हेमंताचा जमाखर्च आहे. आणि तो जुळविण्यासाठी उपकरणांपेक्षा सवयी बदलणे अधिक उपयोगी पडते. ही मंडळी हळूहळू सूर्याबरोबर उठू आणि त्याच्या पाठोपाठ निजू लागतात, यात नवल नाही.

ज्या जमिनीवर हा संसार मांडलेला असतो ती जमीनही पाहण्यासारखी आहे. ला पोसाच्या माळावर जागोजाग लहान लहान काळपट दगड फरशी ठोकावी तसे एकमेकांत घट्ट बसलेले दिसतात. त्यांवरील काळी-तांबूस झिलई मँगनीज व लोह यांच्या संयुगांची असून ती चढण्यास हजारो वर्षे लागतात. ही फरशी खालची माती वाऱ्यापासून राखते, आणि ती एकदा उखडली की माणसाच्या हयातीत भरून येत नाही. १९४२ ते १९४४ या काळात जनरल पॅटन यांनी स्थापलेल्या प्रशिक्षण केंद्रातील रणगाडे याच वाळवंटात फिरले, आणि त्यांच्या पट्ट्यांचे व्रण आजही काही ठिकाणी स्पष्ट दिसतात. आधीच मळलेल्या वाटेवरूनच गाडी न्यावी, हा नियम त्यामुळे पोकळ शिष्टाचार ठरत नाही. ज्याला आपण ओसाड म्हणतो तेथे आयुष्याचा वेग मंद आहे, इतकेच. सग्वारो नावाचा जो महाकाय निवडुंग या सोनोरन वाळवंटाचे भूषण समजला जातो, तो पहिल्या दहा वर्षांत बोटाएवढाही वाढत नाही. त्याला पहिली फांदी फुटावयास बहुधा पन्नास ते पाऊणशे वर्षे लागतात, आणि दीड शतकाहून अधिक काळ तो उभा राहू शकतो. त्याच्या अंगावरील उभ्या चुण्या पावसानंतर पाणी साठून रुंदावतात आणि दुष्काळात आवळल्या जातात. सुतार पक्ष्यांनी त्याच्या खोडात कोरलेल्या ढोल्यांत पुढे पिंगळ्याहूनही लहान अशी घुबडे नांदतात. पाणी जपून वापरणाऱ्या त्या बाईंना या झाडाविषयी विशेष आदर वाटत असे, आणि तो मला फार स्वाभाविक वाटला.

रात्री आकाश उघडे पडते. डिसेंबरात दिवेलागणीनंतर पूर्वेस कृत्तिका व रोहिणी वर आलेल्या असतात, पाठोपाठ मृग आणि त्यामागे व्याध उगवतो. ही नक्षत्रे आपल्या परिचयाचीच, परंतु त्यांचे स्थान बदललेले असते. ध्रुव पुण्याहून पंधरा अंश अधिक उंच, तर दक्षिणेचा अगस्त्य, जो आपल्याकडे ठळकपणे दिसतो, तो येथे मध्यरात्रीच्या पुढे काही काळ क्षितिजाला जेमतेम लागून जातो. अशा वेळी शेकोटीभोवती खुर्च्यांचे कडे धरून शेजारी गोळा होतात. हे शेजारी दरवर्षी पुन्हा भेटणारे असतात; नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचे जेवण प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून एकत्र होते; आणि एखादे वर्षी एखादी खुर्ची रिकामी राहिली तर ती का रिकामी आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. या वयाच्या प्रवासावर ही छाया सदैव असते. मोठे रुग्णालय दूर असते, आणि गाडी एकट्यालाच चालविता येत असेल तर त्याच्या आजारपणात साराच संसार अडतो. म्हणून समंजस दांपत्यांत दोघेही एकमेकांची कामे शिकून घेतात: ज्याने जन्मभर चूल पाहिली नाही तो स्वयंपाक करू लागतो, आणि जिने अवजड वाहन हाताळले नाही ती महामार्गावर सुकाणूचक्र धरते.

या साऱ्या स्वावलंबनामागे सार्वजनिक व्यवस्थेचे मोठे पाठबळ आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९३५ च्या कायद्याने सुरू झालेले सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन, १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी स्थापन झालेली मेडिकेअर ही आरोग्यविम्याची योजना, १९५६ च्या कायद्याने बांधले गेलेले महामार्ग, आणि ज्याचा पक्का पत्ता नाही त्याचीही पत्रे मुदतीपर्यंत सांभाळून ठेवणारे टपालखाते, हे नसते तर वाळवंटातील हा स्वच्छंद मोजक्या धनिकांपुरताच उरला असता. तरीही चाकांवर राहणारे सर्वच जण हौसेने राहत नाहीत. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर व बचत गमावलेल्या अनेक वयस्कांनी जुन्या गाड्यांतच आसरा घेतला आणि हंगामी मजुरी करीत ते गावोगाव फिरले. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' या ग्रंथात त्यांची हकिकत मांडली. त्यावरून क्लोई जाओ यांनी काढलेल्या चित्रपटास २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. क्वार्टझसाईटच्या माळावर लक्षावधी डॉलरांचे मोटारहोम आणि ठिगळे लावलेली व्हॅन एकाच नियमाने नजीक नजीक उभी असतात. त्या दोहोंच्या मालकांना सूर्य आणि तारे सारखेच लाभतात, पण परत जाण्यासाठी घर दोघांनाही असतेच असे नाही.

१९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर अमेरिकेस गेलेली मराठी अभियंत्यांची आणि डॉक्टरांची पहिली पिढी आता निवृत्त झालेली आहे, आणि उत्तरायुष्याचे दिवस कसे घालवावेत हा प्रश्न तिच्यापुढे आहे, तसाच तो पुण्या-मुंबईतील ज्येष्ठांपुढेही आहे. प्रत्येकाने मोटारहोम घेऊन वाळवंट गाठावे, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. ते खर्चाचे आहे, लिटरमागे तीन-चार किलोमीटर चालणारे वाहन सृष्टीलाही महागच पडते, आणि ज्यांची प्रकृती साथ देत नाही त्यांच्यासाठी ते धोक्याचेही आहे. परंतु निवृत्ती म्हणजे कामातून अंग काढून घेणे, ही आपली रूढ समजूत या माळावर टिकत नाही. येथे पाहिलेल्या दांपत्यांना रोज करावयास काम होते, आणि त्या कामाचा परिणाम त्यांना त्याच दिवशी दिसत होता. जपलेले पाणी टाकीत दिसे, साठविलेली वीज रात्रीच्या उबेत जाणवे, आणि एकाच्या चुकीची झळ दोघांनाही लागत असल्याने एकमेकांचे बोलणे ऐकून घेण्याची सवय उतारवयात नव्याने लागे. माणसाला म्हातारपणी विश्रांती जितकी लागते, तितकीच आपल्या असण्याची कोणाला तरी गरज आहे ही जाणीवही लागते. आणि ज्या समाजाला आपल्या वृद्धांचे भले व्हावे असे मनापासून वाटते, त्याने त्यांना निवृत्तिवेतन द्यावे, औषधपाणी द्यावे, आणि त्याबरोबरच ज्यावर त्यांचा हक्क चालेल अशी थोडी मोकळी जमीन व स्वतःच्या हिमतीवर निभावून न्यावी अशी थोडी जबाबदारीही त्यांच्यासाठी राखून ठेवावी.